बेबीबाईचा कुकर

हमरस्ता रुंद करताना थावरा आणि प्रेमदास या दोघा भावांचं रस्त्याकडेचं शेत गेलं, आणि त्याचा मोबदला एका मंगळवारी दोघांच्या खात्यावर निम्मा-निम्मा येऊन पडला. कनेरगाव नाक्यापासून आत, माळावर वसलेल्या तांड्यात त्या दिवशी दोन्ही घरी लापशी शिजली. थावराची बायको बेबीबाई मात्र लापशी हलवता हलवता दोनदा बाहेर येऊन रस्त्याकडे बघून गेली. तिकडे आता शेत नव्हतं. मुरमाचा भराव होता आणि त्यावरून रोलर फिरत होता.

टाळेबंदी उठून तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. ऊसतोडीला गेलेली तांड्यातली माणसं मध्येच अडकून, हाल काढत घरी आली होती. त्यांच्या मनातली धास्ती अजून निघाली नव्हती. पुन्हा कधी सगळं बंद होईल, कधी कुणाचं काम सुटेल, काही नेम राहिला नव्हता. अशा दिवसांत एकदम पैसा हातात आला की माणूस सुखावतो कमी आणि घाबरतो जास्त. जमीन घ्यावी, तर रस्त्याचा पैसा सगळ्यांच्याच हातात आलेला. ज्या माळावर कधी कुसळाशिवाय काही उगवलं नाही, त्याचाही मालक आता तोंडाला येईल तो भाव सांगत होता.

प्रेमदासला वाट लवकर सापडली. तो एका मालकाची जीप जवळच्या गोरेगावाहून हिंगोलीपर्यंत चालवायचा. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसणाऱ्या एका टापटीप माणसाने त्याला मोबाइलमधलं एक अ‍ॅप दाखवलं. त्यात पैसे टाकायचे, ते परदेशातल्या कसल्याशा नाण्यांत फिरायचे आणि रोज सकाळी आकडा वाढलेला दिसायचा. प्रेमदासने थोडे टाकून बघितले. खरंच वाढले. काढून बघितले, तर हातात आले. मग तो थावराच्या ओट्यावर येऊन बसला.

"दादा, वर्षात डबल. मी सोता काढून बघितलेत."

थावरा सरळ माणूस. धाकट्या भावाच्या हातातला चमकणारा आकडा बघून त्याचा चेहरा खुलला. बेबीबाई दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारलं, "पण भाऊजी, ते पैसं तिथं करतेत काय?"

"वाढतेत."

"ते दिसून राहिलं. काहून वाढतेत? कोण काय विकून राहिलं, कोण घेऊन राहिलं?"

"वैनी, ते कंपूटर करतं समदं."

"कंपूटर काय करतं?"

प्रेमदास हसला. थावराही हसला. बेबीबाईला मात्र राग आला नाही, की तिने वादही वाढवला नाही. सुपातले खडे बाजूला करत ती एवढंच म्हणाली, "आपल्याला न्हाई समजून राहिलं. आपले नगं टाकायला."

त्यावरून त्या घरात आठ दिवस धुसफूस चालली. थावराचं म्हणणं, तुला काय कळतं? आणि बेबीबाईचं म्हणणं, तेच तर मी म्हणून राहिले, मला कळत न्हाई.

तिला कळत होती ती हळद.

बाराव्या वर्षापासून ती आईबरोबर वसमतकडे हळदीच्या हंगामाला जायची. माघ सरता सरता हळद काढायला यायची आणि तिथून पुढे दोन-अडीच महिने काढणी, शिजवणी, वाळवणी असा कामाचा रेटा असायचा. तेव्हा मोठ्या लोखंडी कढईत हळद शिजवत. खाली पऱ्हाट्यांचा जाळ, वर ओल्या गोणपाटाचं झाकण. आई कढईजवळ बसून नुसत्या वासावर सांगायची, झाली म्हणून. कच्ची राहिली तर हळकुंड मोडल्यावर मधोमध पांढरट दिसतं, आणि पुढे वाळलेली हळद घासून चकचकीत करायच्या पॉलिशच्या पिपात त्याचे तुकडे पडतात. जास्त शिजली तर रंग काळवंडतो, आणि बाजारात व्यापारी ते हळकुंड चिमटीत धरून नाक मुरडतो. या दोन्हींच्या मधला क्षण आईने बेबीला शिकवला. पुढे वाफेवर चालणारे कुकर आले, ट्रॅक्टरमागे ओढत शेतातच नेता येणारे. मोठमोठे ड्रम, त्यात हळद भरायची, बॉयलरमधून नळीने वाफ सोडायची. काम झपाट्याने होऊ लागलं, पण मधला क्षण तोच राहिला. कुकरवाले घड्याळ बघून ड्रम उपसायचे, आणि कुणाचा ना कुणाचा माल बिघडायचा. बेबीबाई ज्या कुकरवर मजुरीला असायची तिथे शेतकरी मालकाला न विचारता तिलाच विचारत, "काढायचा का?" ती ड्रममधून एक हळकुंड उचलायची, त्यात तुराटीची काडी टोचायची, मोडून बघायची, आणि मान हलवायची. कधी हो, कधी नाही.

असे तिचे तीस-पस्तीस हंगाम गेले होते. सगळे दुसऱ्याच्या कुकरवर.

गोरेगावच्या बंडोपंतांचा माल ती दरवर्षी शिजवायची. बंडोपंत जिल्हा परिषदेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. बायको अनुसूया हिच्यासह हिंगोलीत राहायचे, पण गोरेगावची वडिलोपार्जित जमीन त्यांनी सोडली नव्हती. हंगामात स्वतः शेतात येऊन खुर्ची टाकून बसत. पैशांचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते आपुलकीने म्हणाले, "बेबीबाई, अहो तुम्हाला हळदीतलं इतकं कळतं. हळदच घ्या की विकत. काढणीला भाव पडलेला असतो. घ्यायची, गोदामात टाकायची, चढला की विकायची. वसमतला लोक तेच करून मोठे झाले."

ही गोष्ट बेबीबाईच्या मनात दोन दिवस घोळली. हळद म्हटल्यावर तिचं मन ओढ घेणारच. मग एका संध्याकाळी ती थावराला म्हणाली, "पंतांचं बराबर वाटतं. पण त्यातबी एक तिढा हाय. हळद शिजली का न्हाई ते मी सांगते. भाव कवा चढणार, ते मला कोण सांगल? पंतांना तरी कुठं ठाऊक हाय?"

"मंग करायचं काय तुला?"

"कुकर घ्यायचा."

थावरा तिच्याकडे बघतच राहिला.

"भाव चढू दे न्हाई तर पडू दे," ती म्हणाली, "शेतात ओली हळद कोण ठिवतं? शिजवायलाच लागते ना?"

तांड्यात हसण्याला ऊत आला. बाईमाणूस कुकर चालवणार! प्रेमदासची बायको मिना हिने तोंडावर नाही, पण विहिरीवर बोलून दाखवलंच, की आमच्या मोठ्या जाऊबाई आता मालकीण होणार. थावरा मात्र या वेळी हसला नाही. अ‍ॅपमधलं त्यालाही मनातून उमजत नव्हतं; हे निदान डोळ्यांपुढे उभं राहत होतं. त्याने होकार दिला.

वसमतला जाऊन बेबीबाईने चार ठिकाणी कुकर बघितले. एका दुकानदाराने नवाकोरा, लाल रंगाचा दाखवला. कुकर विकत घ्यायला आलेली ही बाईच आहे हे त्याच्या लक्षातच येईना. सगळं थावराकडे बघून बोलत होता. बेबीबाई म्हणाली, "पेटवून दावा." तो म्हणाला, नव्या मालाला पेटवून कोण दाखवतं? ती उठली. शेवटी शहराबाहेर एका वेल्डिंगच्या शेडमध्ये तिला चार ड्रमचा जुना कुकर मिळाला. शेड मुन्ना मिस्त्रीची. नाव मुन्ना, वय साठीला आलेलं, दाढी पांढरी. त्याने मुकाट्याने जाळ घातला. बेबीबाईने प्रत्येक ड्रमच्या तळाशी, कडेशी हात जवळ नेऊन धग बघितली आणि तिसऱ्या ड्रमपाशी थांबली. "ह्याच्या खालच्या अंगाला वाफ जाईना. इथली हळद कच्ची राहील."

मुन्ना मिस्त्रीने वाकून बघितलं. आतल्या नळीची भोकं गंजून बुजली होती. "बराबर बोली अम्मा," तो म्हणाला. नळी बदलून देण्याच्या बोलीवर सौदा ठरला.

पहिला हंगाम. तांड्यातली पाच माणसं हाताशी, भाड्याचा ट्रॅक्टर, आणि पहिलं गिऱ्हाईक बंडोपंत. त्यांचा माल असा उतरला की शेजारच्या तिघांनी तिथेच नंबर लावले. बेबीबाईला ते दिवस फार सुखाचे गेले. पहाटे कुकर पेटायचा, उन्हं वर येईपर्यंत वाफेचा पांढरा ढग शेतभर पसरायचा, त्याला हळदीचा तो ओला, उग्र वास. थावराने ड्रमची झाकणं सांभाळायची, तिने हळकुंड मोडून बघायचं.

बाराव्या दिवशी घात झाला. ड्रममधली वाफ पुरती सोडण्याआधीच थावराने झाकणाचा आटा फिरवला. झाकण उसळलं, आणि वाफेचा लोट त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत आला. तो ओरडला तेव्हा बेबीबाई दुसऱ्या ड्रमपाशी होती. शेतकऱ्याच्या मोटरसायकलवर त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. चेहरा वाचला, हात वाचला. पण कातडी सोलवटली होती आणि महिनाभर तरी त्या हाताने काही करता येणार नव्हतं.

बेबीबाईने कुकर बंद केला. ऐन हंगामात, नंबर लागलेले असताना. लोकांनी आग्रह केला, दुसरा माणूस ठेवा म्हणून सांगितलं. ती ऐकेना. तिला रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती. हळद तिला कळत होती. लोखंड कळत नव्हतं. आत वाफ किती कोंडली आहे, काट्यावरचा आकडा काय सांगतो, काचेच्या नळीतलं पाणी कुठवर असावं, यातलं काहीही तिने कधी नीट विचारून घेतलं नव्हतं. दुसऱ्याच्या कुकरवर असताना ते मालक बघायचा. मालकीण झाल्यावर ते आपल्याला बघावं लागेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवऱ्याचा हात त्याची किंमत भरून बसला होता.

त्याच दिवसांत प्रेमदास दवाखान्यात भेटायला यायचा. येताना मोसंबी आणायचा, भावाच्या उशाशी बसायचा. चांगला स्वभाव होता त्याचा. कुठे टोचून बोलला नाही. पण खिशातला मोबाइल निघायचाच, आणि त्यातला आकडा आता खूप मोठा झालेला असायचा. एके दुपारी थावराला डोळा लागलेला असताना बेबीबाई त्याला म्हणाली, "भाऊजी, थोडे माझेबी टाका."

कुकरमधून आलेल्या पैशांतले वीस हजार तिने त्याच्या हातावर ठेवले. थावराला सांगितलं नाही. त्या घटकेला तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. जे कळतं म्हणून धरलं, त्यानेच माणूस भाजला. मग न कळणाऱ्याला नावं ठेवून काय उपयोग, असं तिला वाटून गेलं. पुढे कितीतरी दिवस ती गोष्ट आठवली की तिला स्वतःचंच नवल वाटायचं.

थावरा घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बेबीबाई एसटीने वसमतला गेली आणि मुन्ना मिस्त्रीच्या शेडसमोर जाऊन उभी राहिली.

"मला शिकवा," ती म्हणाली.

"क्या सिखाना?"

"समदं. ह्यो काटा, ती नळी, झाकण कवा उघडायचं, झाकणाखालचं रबराचं ग्यासकीट कवा बदलायचं. मला वाचता येत न्हाई. पण सांगितलेलं मी इसरत न्हाई."

मुन्ना मिस्त्रीने तिला एक लाकडी खोका बसायला दिला. चार दिवस ती जात-येत राहिली. त्याने काट्याच्या तबकडीवर जिथे धोका सुरू होतो तिथे तांबड्या रंगाची रेघ मारून दिली. पाण्याच्या नळीवर खाली-वर दोन दोरे बांधून दिले, की पाणी यांच्यामध्येच पाहिजे. वाफ सोडायच्या तोटीचा आवाज कसा बदलतो ते कान लावून ऐकायला लावलं. आधी जोराचा फुत्कार, मग सुस्कारा, मग काहीच नाही. "जब कुछ नहीं, तब भी सौ गिनो," तो म्हणाला, "फिर हात लगाव." चौथ्या दिवशी त्याने तिच्या हातून एक झाकण खोलून घेतलं, पुन्हा बसवून घेतलं, आणि शिकवणीचे पैसे विचारल्यावर हात झटकला. बायकोने भाजी करून ठेवली असेल म्हणत तो जेवायला निघून गेला.

कुकर पुन्हा पेटला. अर्धा हंगाम हातचा गेला होता, काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. पण झाकणाला आता बेबीबाईशिवाय कुणी हात लावत नव्हतं, आणि तीही शंभर मोजल्याशिवाय लावत नव्हती.

पावसाळा सुरू झाला तसा प्रेमदासच्या मोबाइलमधला आकडा एक दिवस हलायचा थांबला. दोन दिवसांनी पैसे काढायला गेला तर अ‍ॅप म्हणालं, आधी कर भरा. त्याने तोही भरला. मग अ‍ॅप उघडेनाच. जीपमध्ये बसणाऱ्या त्या टापटीप माणसाचा फोन लागेना, आणि शोध घेतला तेव्हा कळलं की त्याचेही स्वतःचे पैसे त्यातच गेले होते. हिंगोलीला तक्रार नोंदवली. तिथे आधीच पंधरा-वीस माणसं बसलेली होती.

रस्त्याकडेच्या शेतातला प्रेमदासचा सगळा वाटा असा गेला. तो घरात बोलेनासा झाला. जीप मालकाला परत देऊन टाकली. मग एके सकाळी बाहेर पडला तो दुसऱ्या दिवशीही घरी आला नाही. मिना रडत थावराच्या दारात आली. विहिरीवर बोललेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं, म्हणून ती उंबऱ्याच्या आत येईना. बेबीबाईने तिचा हात धरून आत घेतलं, पाणी दिलं आणि स्वतः नाक्याकडे निघाली.

दुपारची वेळ होती. प्रेमदास नाक्यावरच्या एका धाब्यावर अगदी मागच्या बाजेवर बसलेला तिला दिसला. समोर चहाचा रिकामा ग्लास, दाढी वाढलेली. धाबेवाला ओळखीचा, त्याने रात्री त्याला तिथेच झोपू दिलं होतं. बेबीबाई समोरच्या बाजेवर टेकली आणि तिने दोन चहा सांगितले.

चहा आला. रस्त्यावरून ट्रक जात होते.

"बोला ना वैनी," प्रेमदास म्हणाला. "तुमी इचारलं व्हतं, पैसं तिथं काय करतेत. म्या हसलो व्हतो. आता बोलून घ्या."

"मी काय बोलू? माझे वीस हजार काय तुमी चोरून नेले व्हते? माझ्या हातानं दिले ना म्या."

प्रेमदासने मान खाली घातली. "त्याचीच तकलीफ जास्त हाय. माझं गेलं ते गेलं. दादाचा हात भाजलेला, अन् तुमचे पैसं म्या..."

"मला कळत न्हाई म्हणून मीच सांगत व्हते, अन् तरीबी दिले. मंग शाना कोण अन् येडा कोण?" बेबीबाई म्हणाली. "चहा प्या. निवून राहिला."

त्याने चहा प्यायला.

"पुढच्या हंगामाला मला ट्रॅक्टर हाकायला माणूस लागतो," ती म्हणाली. "भाड्याचा डायवर शेतात कुठंबी घालतो, बांध फोडतो, शेतकरी बोंबलतो. तुमाला ह्या पट्ट्यातला रस्ता न् रस्ता ठाऊक हाय. बघा."

"अन् तवर?"

"तवर जीप. मालकाला जाऊन भेटा. त्यो काय तुमच्यावर रागं भरला न्हाई."

दोघं चालत तांड्यावर आले. त्या संध्याकाळी बेबीबाईने थावराला वीस हजारांचं सांगितलं. तिला वाटलं होतं, तो संतापेल. थावराने आपल्या हातावरच्या गुळगुळीत, गुलाबी कातडीवरून दुसरा हात फिरवला आणि म्हणाला, "म्या तर समदेच टाकाय निघालो व्हतो की." त्यावर दोघंही हसली. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याने आलं की कशाने, हे बेबीबाईने विचारलं नाही.

दुसरा हंगाम चांगला गेला. प्रेमदास ट्रॅक्टर असा चालवायचा की कुकरचं चाक कुठे हळदीच्या वाफ्यात गेलं नाही. गाडीवाला माणूस, त्यामुळे लोखंडाचं त्याला उपजतच कळायचं; मुन्ना मिस्त्रीने दाखवलेलं त्याला बेबीबाईने दाखवलं, आणि महिन्याभरात काट्याची आणि झाकणांची जबाबदारी तिने त्याच्याकडे दिली. आता ती एका ठिकाणी बसून फक्त हळकुंडं मोडायची.

त्याच वर्षी हळदीचा भाव चढला. असा चढला की हिंगोलीच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषयच राहिला नाही. बंडोपंतांनी आपला माल राखून ठेवला होता. वर पेन्शनीतले पैसे घालून इतरांचाही थोडा घेतला. पोळ्याच्या सुमारास बेबीबाई त्यांच्या घरी गेली तेव्हा अनुसूयाबाईंनी तिला पोहे दिले आणि हळूच म्हणाल्या, "विका म्हणते मी यांना. ऐकत नाहीत. आणखी चढेल म्हणतात."

बंडोपंत आतून आले. "बेबीबाई, माझं ऐकायला हवं होतं. कुकरात घातलेल्या पैशांचे आज दुप्पट झाले असते."

"व्हय काका," ती म्हणाली. खरंच झाले असते. तिला थोडी रुखरुख लागलीही. घरी येताना जीपमध्ये ती मनातल्या मनात हिशेब करत बसली होती; किती पोती घेता आली असती, किती सुटले असते.

दिवाळीनंतर भाव उतरायला लागला. बंडोपंत थांबले. आणखी उतरला. ते आणखी थांबले. पुढच्या हंगामाची ओली हळद शेतातून निघायला लागली तरी त्यांची पोती गोदामातच होती, आणि काहींना कीड लागली होती. ते बुडाले नाहीत. पेन्शन होती, शेत होतं. पण शेतात खुर्ची टाकून बसलेले बंडोपंत त्या वर्षी एकदम थकल्यासारखे दिसले.

"कधी विकायला हवं होतं?" त्यांनी बेबीबाईला विचारलं, जणू तिला ठाऊकच असावं.

"मला ते कळलं असतं काका, तर म्या काहून धुरात बसले असते?"

बंडोपंत खूप दिवसांनी मोकळेपणाने हसले. बेबीबाईने कीड लागलेली पोती बघितली, चांगला माल वेगळा काढायला तांड्यातल्या चार बायका दोन दिवस लावून दिल्या, आणि त्यांनी पैसे पुढे केले तेव्हा बायकांची मजुरी तेवढी घेतली.

यंदाची गोष्ट वेगळी आहे. कुकरने आपली किंमत फेडली आहे. तिची थोरली लेक शिला हिंगोलीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. वसमतचा तोच दुकानदार आता तिला दुसरा कुकर घ्या म्हणून फोन करतो, आणि बोलायला थावराला मागत नाही. प्रेमदासचंही म्हणणं पडलं की घेऊन टाकावा. दोन कुकर असले तर दोघं दोन दिशांना जाऊ.

बेबीबाईने लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. श्रावणात एक दिवस तिने प्रेमदासला मोटरसायकल काढायला लावली. कनेरगावपासून गोरेगाव, तिथून सेनगावकडचा पट्टा, परत आतल्या रस्त्याने. दर मैल-दोन मैलाला ती गाडी थांबवायला सांगायची, पदर खोचून बांधावर चढायची आणि बघत उभी राहायची. हळदीची पानं गुडघ्याला लागली होती. पण गेल्या वर्षी जिथे सलग हळद होती, तिथे आता मध्ये मध्ये सोयाबीन दिसत होतं. भाव पडल्याने पुष्कळांनी लावण कमी केली होती. एका शेतात पाणी साचून कंद सडायला लागले होते. तिने वाकून एक उपटला, वास घेतला आणि टाकून दिला. जिथे माणूस दिसला तिथे विचारलं, किती लावली, औंदा काहून कमी, पुढच्या साली लावणार का. दोन दिवस त्यांचं हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाभळीखाली भाकरी सोडताना प्रेमदासने विचारलं, "मंग? घ्यायचा का?"

"न्हाई. हाय त्याच कुकरला औंदा दीड महिना काम पुरल, त्याच्यावर न्हाई. दुसरा घेतला तर त्यो अन् ह्यो, दोन्ही अर्धे उपाशी राहतेत."

"मंग पैसं तसंच ठिवायचे?"

बेबीबाईने ठेचा भाकरीवर पसरवला. "पॉलिशचा ड्रम घेऊ म्हणते. ज्यांची शिजवतो त्यांचीच वाळल्यावर पॉलिश करायची. आता समदे वसमतला वाहून नेतेत. पर त्यातलं मला पुरतं ठाऊक न्हाई. आधी चार-आठ दिवस कुणाच्या तरी ड्रमवर जाऊन बसावं लागल."

"मी येतो संगं," प्रेमदास म्हणाला.

"तुमी यालच. मोटर कोण बघणार?" तिने अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. आभाळ भरून यायला लागलं होतं, आणि सेनगावच्या अंगाला अजून सहा-सात शेतं बघायची राहिली होती.